४०-१५ वरून निसटलेली फायनल: टेनिसचं गणित सोप्या भाषेत

१४ जुलै २०१९, रविवार. लंडनमध्ये एकाच दिवशी दोन फायनल होत्या. लॉर्ड्सवर क्रिकेटचा विश्वचषक आणि विम्बल्डनच्या सेंटर कोर्टवर फेडरर विरुद्ध जोकोव्हिच, आपल्या घड्याळात संध्याकाळी साडेसहाला. भारत सेमीफायनललाच बाहेर पडल्यामुळे पुण्यात चॅनल बदलायला मोकळीक होती. रात्री बारा वाजेपर्यंत दोन्हीकडचे निकाल लागले, आणि दोन्ही निकाल पचायला जड होते. क्रिकेटमध्ये २४१ विरुद्ध २४१, सुपर ओव्हरमध्ये १५ विरुद्ध १५, मग चौकार-षटकार मोजून इंग्लंड विजयी. त्यावरून कट्ट्याकट्ट्यावर वाद झाले. टेनिसचा हिशेब मात्र त्याहून चक्रावणारा होता, आणि त्याबद्दल फारसं कुणी भांडलं नाही.

फेडररने त्या मॅचमध्ये २१८ पॉइंट जिंकले, जोकोव्हिचने २०४. गेम मोजले तर फेडरर ३६, जोकोव्हिच ३२. एस (समोरच्याची रॅकेटही न लागलेली सर्व्ह) २५ विरुद्ध १०. समोरच्याची सर्व्हिस फेडररने सात वेळा तोडली (म्हणजे त्याच्या सर्व्हिसवरचा गेम जिंकला, यालाच ब्रेक म्हणतात), जोकोव्हिचने तीनदा. आणि स्कोअर: ७-६, १-६, ७-६, ४-६, १३-१२. जोकोव्हिच विजेता. ३८ व्या वाढदिवसाला महिनाही उरला नसताना फेडरर नववं विम्बल्डन जिंकून ओपन युगातला (व्यावसायिक खेळाडूंना या स्पर्धा खुल्या झाल्यानंतरचा) सर्वांत वयस्क ग्रँड स्लॅम विजेता होणार होता, आणि त्यासाठी त्याला दोनदा फक्त एक पॉइंट हवा होता.

‘दडपण आलं’ असं म्हणून हा विषय मिटवता येतो. पण दडपण हे उत्तराचा एक तुकडा आहे. बाकीचं उत्तर टेनिस मोजायच्या पद्धतीत आहे, आणि ते कागद-पेन्सिल घेऊन कुणालाही काढता येतं.

मतं जास्त, जागा कमी

टेनिसमध्ये पॉइंटांची बेरीज होत नाही. पॉइंट गेममध्ये भरतात, गेम सेटमध्ये, सेट मॅचमध्ये; आणि एक डबा भरला की उरलेलं सांडून जातं. निवडणुकीत एखाद्या पक्षाला एकूण मतं जास्त मिळतात पण जागा कमी येतात, तसंच हे. दुसरा सेट फेडररने ६-१ असा जिंकला. तो ७-६ ने जिंकला असता तरी सेट एकच मिळाला असता. त्या सेटमधली चैन पुढे कुठेही उपयोगी पडली नाही.

आता जोकोव्हिचने आपली मतं कुठे गोळा केली ते पाहा. मॅचमध्ये तीन टायब्रेक (गेम बरोबरीत अडकले की सेट ठरवणारा, सात पॉइंटांचा जादा गेम) झाले: ७-५, ७-४, ७-३. तिन्ही त्याचे. तीन टायब्रेकचे पॉइंट मिळून जोकोव्हिच २१, फेडरर १२. हे ३३ पॉइंट वजा केले तर उरलेल्या जवळपास पाच तासांत फेडरर २०६ विरुद्ध १८३ असा पुढे आहे. म्हणजे ४२२ पैकी ३८९ पॉइंटांत फेडरर सरस आणि ३३ पॉइंटांत जोकोव्हिच. पण सेट ठरले ते त्या ३३ वर.

ड्यूसचं गणित

पुढचं सगळं एका आकड्यावर उभं आहे: सर्व्ह करणारा शंभरातले किती पॉइंट जिंकतो? पुरुषांच्या वरच्या दर्जाच्या टेनिसमध्ये ६५ हा आकडा उदाहरणादाखल धरायला ठीक आहे. तो कसा येतो? पहिली सर्व्ह दहातून सहा वेळा आत पडते आणि पडली की तीन चतुर्थांश पॉइंट मिळतात असं धरा. दहातून चार वेळा सेकंड सर्व्ह करावी लागते आणि तिच्यावर निम्मेच मिळतात. ०.६ गुणिले ०.७५, अधिक ०.४ गुणिले ०.५, बरोबर ०.६५.

गेममधले पॉइंट १५, ३०, ४० असे मोजतात, सर्व्हरचे आधी; चौथ्या पॉइंटला गेम. ४०-४० म्हणजे ड्यूस, आणि तिथून गेम जिंकायला सलग दोन पॉइंट लागतात. दोन्ही सर्व्हरला जाण्याची शक्यता ०.६५ गुणिले ०.६५, म्हणजे ४२ टक्के. दोन्ही रिटर्न करणाऱ्याला जाण्याची ०.३५ गुणिले ०.३५, म्हणजे १२ टक्के. उरलेल्या वेळी एक याला, एक त्याला, आणि पुन्हा ड्यूस. ते सोडून द्या. ४२ आणि १२ यांच्यातच फैसला आहे, म्हणून ड्यूसवरून सर्व्हर साधारण ७८ टक्के वेळा गेम राखतो. याच पद्धतीने ०-० पासून मांडत गेलं तर पूर्ण गेम राखण्याची शक्यता ८३ टक्के निघते. पॉइंटमध्ये ६५ ची आघाडी गेममध्ये ८३ ची होते. टेनिसची पद्धत थोडा फरक फुगवून मोठा करते, म्हणून चॅम्पियन वर्षानुवर्षं चॅम्पियन राहतात. उलटही तितकंच खरं: ६५ चे ६० झाले तर ८३ चे ७४ होतात. वीस पॉइंटांत एक पॉइंट कमी, आणि सर्व्हिस गेम राखणं एकदम अवघड.

सगळे पॉइंट सारख्या किमतीचे नसतात, हे याच गणितातून दिसतं. ४०-० वर पॉइंट गेला तर ४०-१५ होतं, आणि तिथेही गेम राखण्याची शक्यता ९७ टक्के आहे. म्हणजे नुकसान तीन टक्क्यांच्या आत. ३०-४० वर तोच पॉइंट गेला तर गेम गेला. मिळाला तर ड्यूस आणि ७८ टक्के. ३०-४० चा पॉइंट ४०-० च्या पॉइंटच्या सुमारे २८ पट महाग आहे. टीव्हीवर दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून स्कोअरच्या पट्टीकडे न बघता मॅच बघणारा माणूस नेहमी चकतो.

८-७, ४०-१५

पाचवा सेट. फेडररने जोकोव्हिचची सर्व्हिस तोडून ८-७ केलं आणि स्वतःच्या सर्व्हिसवर ४०-१५ वर आला. दोन चॅम्पियनशिप पॉइंट.

वरच्या हिशेबाने इथून गेम राखण्याची शक्यता ९७ टक्के. पण ९७ हे शंभर नाहीत, आणि त्यातला पहिला टप्पा दिसतो त्यापेक्षा नेहमीचा आहे: दोन्ही पॉइंट लागोपाठ जाण्याची शक्यता १२ टक्के, आठातून एकदा. पुण्याच्या बालेवाडीत रविवारी सकाळी दोन तास खेळणाऱ्याच्या बाबतीतही हे होतंच, फक्त तिथे कुणी मोजत नाही.

पहिल्या पॉइंटवर फेडररचा फोरहँड बाजूच्या रेषेबाहेर गेला. दुसऱ्यावर तो फोरहँडवरून अप्रोच (नेटकडे जाता यावं म्हणून मारलेला फटका) मारून नेटकडे धावला. चेंडू जोकोव्हिचच्या फोरहँडकडे गेला आणि तिथून क्रॉसकोर्ट, म्हणजे तिरका, पासिंग शॉट फेडररच्या आवाक्याबाहेरून निघून गेला. ड्यूस, आणि पाठोपाठ ब्रेक. ८-८.

दुसऱ्या पॉइंटकडे जरा जवळून पाहू, कारण क्लबात खेळणाऱ्यांनाही ही भूमिती रोज भेटते. अप्रोच सरळ रेषेत मारला तर नेटकडे जाणारा माणूस चेंडूच्या मागोमाग त्याच बाजूला पोचतो; समोरच्याच्या दोन्ही कोनांच्या मध्ये उभं राहायला त्याला दोन-तीन पावलंच आडवं सरकावं लागतं. अप्रोच तिरका मारला तर त्याला जवळपास कोर्टाची रुंदी कापावी लागते, आणि सिंगल्सचं कोर्ट ८.२३ मीटर रुंद आहे. म्हणून ‘अप्रोच सरळ’ हा शाळकरी पोरांनाही पढवला जाणारा नियम. तो मोडायचा तर चेंडू इतका खोल किंवा वेगवान हवा की समोरच्याला बाजू निवडायला वेळच मिळू नये. जोकोव्हिचला धावत पोचून बाजू निवडण्याइतका वेळ मिळाला. फेडररचा निर्णय चुकीचा होता असं म्हणणारे बरेच आहेत. आमच्या मते पुढे जाण्याचा निर्णय बरोबर होता, अप्रोच पुरेसा जड नव्हता.

जोकोव्हिचने क्रॉसकोर्टच का मारला? नेट मध्यभागी ९१.४ सेंटिमीटर उंच असतं आणि खांबांपाशी १.०७ मीटर. तिरका चेंडू मधल्या, पंधरा सेंटिमीटर बुटक्या भागावरून जातो. शिवाय कोर्टाची लांबी २३.७७ मीटर, पण कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सव्वापंचवीस मीटरच्या आसपास. म्हणजे चेंडू आत पडायला जवळपास दीड मीटर जादा जागा. जीव मुठीत असताना कमी जोखमीचा फटका हाच.

हात आखडतो म्हणजे काय होतं

आता दडपण. ते मनात असलं तरी दिसतं मनगटात. ग्रिप घट्ट होते, मनगट आणि कोपर मोकळं राहत नाही, रॅकेटच्या डोक्याचा वेग घटतो. टॉपस्पिन (चेंडूला लवकर खाली आणणारी फिरकी) वेगातूनच येतो, म्हणून स्पिन कमी पडतो. आणि स्पिन कमी म्हणजे चेंडू खाली यायला उशीर. तो एकतर रेषेबाहेर जातो, नाहीतर नेटच्या पुढे आखूड पडतो.

सेकंड सर्व्हमध्ये हे सर्वांत स्वच्छ कळतं. नवखा खेळाडू डबल फॉल्टच्या (दोन्ही सर्व्ह चुकून पॉइंट जाण्याच्या) भीतीने सेकंड सर्व्ह हळू मारतो. भल्याभल्यांचंही फायनलमध्ये तेच होतं. पण सर्व्हिस बॉक्स नेटपासून फक्त ६.४० मीटर खोल आहे. नेटच्या बरंच वरून गेलेला चेंडू तेवढ्यात आणायचा तर स्पिन हवाच, आणि स्पिन हवा तर हात जोरात फिरलाच पाहिजे. सेकंड सर्व्हचा जोर पुढे कमी आणि वर जास्त असतो, एकूण कमी नसतो. टॉसही (सर्व्हसाठी वर उडवलेला चेंडू) लबाडी करतो: घाईत तो बुटका पडतो, कोपर खाली येतं आणि चेंडू नेटात.

पहिली सर्व्ह दहातून सहाऐवजी पाचदाच आत पडू लागली, बाकी सगळं तेच, तर ८३ टक्क्यांचे ७९ होतात. चार टक्के किरकोळ वाटतात. पण सेटमध्ये पाच सर्व्हिस गेम सलग राखायचे असतील तर ही शक्यता ३९ वरून ३० टक्क्यांवर येते.

१२-१२ चा नियम आणि बालेवाडी

त्या फायनलचा शेवट १२-१२ वर टायब्रेकने झाला. विम्बल्डनच्या सिंगल्स फायनलमध्ये हे पहिल्यांदाच घडलं, कारण नियमच त्या वर्षी लागू झाला होता. आधी पाचव्या सेटमध्ये दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत खेळत राहायचं. २०१८ च्या सेमीफायनलला केव्हिन अँडरसनने जॉन इस्नरला पाचव्या सेटमध्ये २६-२४ असं हरवलं, मॅच ६ तास ३६ मिनिटं चालली, आणि अँडरसन फायनलला उभा राहिला तेव्हा पायांत जीव नव्हता. मग नियम बदलला. त्याआधीच्या फेरीत याच अँडरसनने मॅचपॉइंट वाचवून कुणाला हरवलं होतं? फेडररला, १३-११.

हा अँडरसन पुण्याला परका नाही. २०१८ मध्ये चेन्नईची एटीपी (पुरुष व्यावसायिक टेनिसची) स्पर्धा बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात आली, तेव्हा तो पहिल्याच वर्षी फायनलला जील सिमोनकडून हरला. जानेवारी २०१९ मध्ये तो पुन्हा फायनलला आला, समोर इव्हो कार्लोविच. २११ सेंटिमीटर उंच, वय ३९, आणि १९७७ मधल्या केन रोजवॉलनंतर एटीपी फायनलला पोचलेला सर्वांत वयस्क खेळाडू. इतिहासाच्या दारातला माणूस बालेवाडीने असा प्रत्यक्ष पाहिलेला आहे. स्कोअर ७-६, ६-७, ७-६, अँडरसन विजेता.

टायब्रेक होते ७-४, २-७, ७-५. बेरीज करा: अँडरसन १६, कार्लोविच १६. तंतोतंत बरोबरी! फक्त कार्लोविचने आपले सात पॉइंट मधल्या टायब्रेकमध्ये ७-२ असे सैल हाताने खर्चले आणि शेवटच्यात त्याला दोन कमी पडले. फेडररचं जे पाच तासांत झालं, त्याचीच ही छोटी आवृत्ती, सहा महिने आधी.

आता नियम पुन्हा वेगळा आहे. २०१९ मध्ये चार ग्रँड स्लॅमच्या निर्णायक सेटचे चार वेगळे नियम होते. २०२२ पासून चारही ठिकाणी ६-६ ला दहा पॉइंटांचा टायब्रेक. फेडररची ती मॅच आजच्या नियमाने खेळली गेली असती तर पाचव्या सेटमध्ये ८-७ हा स्कोअर आलाच नसता.

दुसरी जात: पाय संपतात

सगळ्या हुकलेल्या फायनल एका पॉइंटवर हुकत नाहीत. १२ सप्टेंबर २०२१ ला न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन ओपनच्या फायनलला जोकोव्हिचचं जे झालं ते अगदी वेगळं. आपल्याकडे रात्रीचा दीड वाजला होता, घरोघरी गौरी आल्या होत्या, आणि जागे राहिलेल्यांना चुरस अशी मिळालीच नाही. मेदवेदेव विजेता, ६-४, ६-४, ६-४.

पणाला लागलेलं होतं कॅलेंडर ग्रँड स्लॅम, म्हणजे एकाच वर्षात चारही स्पर्धा. पुरुषांत हे डॉन बज (१९३८) आणि रॉड लेव्हर (१९६२ आणि १९६९) या दोघांनीच केलंय. महिलांत मॉरीन कॉनोली, मार्गारेट कोर्ट आणि स्टेफी ग्राफ, शेवटचं १९८८ मध्ये. प्रत्येक स्पर्धेत सात मॅच, चार स्पर्धांच्या अठ्ठावीस. जोकोव्हिच सत्तावीस जिंकून आला होता.

गणित इथेही निष्ठुर आहे. एखादा खेळाडू प्रत्येक मॅच जिंकण्याची शक्यता ९० टक्के असली, तरी अठ्ठावीसच्या अठ्ठावीस जिंकण्याची शक्यता पाच टक्केच उरते. ९५ धरली, जी कुणाही माणसासाठी फार उदार आहे, तरी २४ टक्के. आणि हे प्रत्येक मॅच ताज्या पायांनी खेळली असं मानून! प्रत्यक्षात थकवा साठत जातो. फायनलच्या आधीच्या सलग चार मॅचमध्ये तो पहिला सेट हरला होता आणि मागून येऊन जिंकला होता. सेमीफायनल झ्वेरेवविरुद्ध पाच सेटची. मेदवेदेवने फायनलपर्यंत एकच सेट गमावला होता. सहा फेऱ्यांत मिळून जोकोव्हिच त्याच्यापेक्षा पाच तासांहून जास्त वेळ कोर्टवर होता.

थकलेले पाय दिसतात कसे? रिटर्न आखूड पडतो, कारण चेंडूमागे वेळेवर पोचत नाही. आणि खेळाडू पॉइंट लवकर संपवायला बघतो. जगातला सर्वोत्तम रिटर्नर आणि बेसलाइनवरचा सर्वांत चिवट माणूस त्या रात्री वारंवार नेटकडे धावत होता. ती योजना म्हणून वाईट नव्हती, मेदवेदेव रिटर्नला फार मागे उभा राहतो. पण लांब रॅलीत आपला टिकाव लागत नाही हे त्यानेच त्यातून कबूल केलं होतं. ६-४ चा सेट हरायला एकच ब्रेक पुरतो, तीन सेटला तीन. गंमत म्हणजे हात आखडला तो मेदवेदेवचा: तिसऱ्या सेटमध्ये ५-२ वर चॅम्पियनशिप पॉइंट असताना डबल फॉल्ट, आणि तो गेमही गेला. पण त्याच्याकडे दोन ब्रेकची उशी होती.

सेरेना विल्यम्सचं प्रकरण तिसऱ्या जातीचं, आणि थोडक्यात संपणारं. २३ ग्रँड स्लॅम विजेतेपदांवर थांबलेली, मार्गारेट कोर्टच्या २४ ची बरोबरी करायला एक हवं. २०१८ आणि २०१९ मध्ये विम्बल्डन आणि अमेरिकन ओपन मिळून चार फायनल, चारही हरली, आणि चारींत मिळून एकही सेट मिळाला नाही. तिथे महाग-स्वस्त पॉइंटांचा हिशेब लागूच होत नाही. २०१९ ची विम्बल्डन फायनल हालेपने ५६ मिनिटांत ६-२, ६-२ अशी उरकली, पूर्ण मॅचमध्ये तीनच अनफोर्स्ड एरर (समोरच्याने भाग न पाडता झालेल्या चुका) करून. समोरची अशी खेळली तर इतिहासाला बसायला जागाच नसते.

क्लबात करून बघण्यासारखं

महाग पॉइंटांचा सराव वेगळा करावा लागतो. नेहमीच्या सरावात ३०-४० क्वचित येतं आणि आलं तरी त्यावर काही टांगलेलं नसतं. म्हणून गेम थेट ३०-४० पासून सुरू करायचा आणि सर्व्हरला एकच सर्व्ह द्यायची. पहिली नाही, सेकंडच. टॉस टाकण्याआधी ग्रिप मुद्दाम सैल करायची, चेंडू बॉक्सच्या एकाच कोपऱ्यावर ठरवायचा आणि हात पूर्ण फिरवायचा. नेटात गेली तर टॉस तपासायचा, लांब गेली तर स्पिन. असे वीस गेम, कागदावर खुणा करत. सेकंड सर्व्हवर निम्मे पॉइंट मिळत असतील तर ३०-४० वरून ड्यूसला पोचण्याची शक्यता निम्मी आणि तिथून राखण्याची पुन्हा निम्मी, म्हणजे वीसातले पाच गेम वाचायला हवेत. तीन वाचले तर सर्व्हमध्ये घोळ आहे. आठ वाचले तर रिटर्न करणारा जोडीदार बदलून पुन्हा वीस खेळा.